जरा इकडे बघा... हं, हलू नका!

पुण्यात शिकायला आलो तेव्हा खोलीत आम्ही तिघं, खिडकी एक आणि कॅमेरा एक. कॅमेरा सेकंड हँड म्हणून घेतला होता, पण त्याच्या अंगावरचे चरे बघता मी बहुधा पाचवा हात असावा. पोर्ट्रेट शिकायचं ठरवलं, कारण त्याला डोंगर चढावा लागत नाही की वाघाची वाट बघत जीपमध्ये बसावं लागत नाही. माणसं काय, गल्लीत पायलीची पन्नास. पहिल्याच आठवड्यात कळलं की वाघ परवडला. तो निदान ‘मी जाड दिसतोय, डिलीट कर’ असं म्हणत नाही.

तेव्हापासून या विद्येतल्या गमतीजमती जमवायचा नाद लागला. त्यातल्या काही इथे ओततो. क्रम लावायच्या भानगडीत पडलेलो नाही.

पहिला सेल्फी आणि तिसरा पाय

१८३९ साली पॅरिसमध्ये दागेर यांची फोटो घ्यायची पद्धत जाहीर झाली आणि काही महिन्यांतच अमेरिकेत, फिलाडेल्फियात, रॉबर्ट कॉर्नेलियस या तिशीतल्या माणसाने ती स्वतःवर करून पाहिली. घरचा धंदा दिव्यांचा. दुकानाच्या आवारात उजेडात कॅमेरा लावला, लेन्सचं झाकण काढलं आणि समोर जाऊन दहा-पंधरा मिनिटं ढिम्म राहिला. हाताची घडी, विस्कटलेले केस. स्वारी फ्रेमच्या मधोमध नाही, एका बाजूला सरकलेली. म्हणजे नवशिक्याचं कंपोझिशन चुकायची परंपरा पार पहिल्या सेल्फीपासूनची आहे.

पुढे स्टुडिओ निघाले, वेळ मिनिटांवरून सेकंदांवर आली, तरी मान डुलायचीच. म्हणून गिऱ्हाइकाच्या मागे एक लोखंडी स्टँड उभा करायचे आणि त्याच्या चिमट्यात डोकं टेकवून ठेवायचे. एखाद्या फार जुन्या फोटोत उभ्या माणसाच्या टाचांमागे तिसरा पाय दिसला तर दचकू नका. तो त्या स्टँडचा.

विद्यापीठाआधी फोटोचा क्लास

‘फोटोग्राफीचा कोर्स? हे काय नवीन फॅड?’ असं घरी ऐकून घेतलेल्या समस्त पोरांनी हा परिच्छेद कापून ठेवावा.

लंडनची फोटोग्राफिक सोसायटी १८५३ची. मुंबईची १८५४ची. अवघ्या एका वर्षाचं अंतर, आणि तेही टपाल जहाजाने यायचं त्या काळात. लगेच १८५५ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. शिकवायला क्रॉफर्ड नावाचे साहेब. आता गंमत बघा : मुंबई विद्यापीठ १८५७चं, जे. जे. स्कूल ऑफ आर्टही १८५७चं. म्हणजे या शहरात आधी फोटोचा क्लास निघाला आणि मग विद्यापीठ! त्या वर्गात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत कित्येक वर्षं स्वतःचा स्टुडिओ चालवला. ज्यांच्या नावाचं संग्रहालय भायखळ्याला आहे त्या डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी हेही डॉक्टर आणि फोटोग्राफर दोन्ही होते. नाडी बघायची आणि माणूसही.

दादासाहेब फाळके सिनेमावाले व्हायच्या आधी फोटोवाले होते, हे आपण विसरतो. आधी जे. जे., मग बडोद्याचं कलाभवन. तिथे प्राध्यापक गज्जरांनी या पोराचा हात बघून फोटो स्टुडिओ त्याच्या ताब्यात दिला. मग फाळक्यांनी स्वतःचा धंदा काढला. पण कॅमेरा अंगातली शक्ती ओढून घेतो आणि माणूस लवकर मरतो, अशी वदंता पसरली होती, त्यामुळे गिऱ्हाईक फिरकेना. आज एका लग्नात दीड हजार फोटो काढून घेणारी आपली जनता बघून त्यांना काय वाटलं असतं कोण जाणे.

तोंडाचा चंबू

‘चीज’ म्हटलं की शेवटच्या ‘ई’मुळे ओठ फाकतात. व्हिक्टोरियन काळात उलटं होतं. दात दाखवणं अशिष्ट समजलं जायचं, म्हणून फोटोग्राफर गिऱ्हाइकाला ‘प्रून्स’ म्हणायला लावत, असं सांगतात. प्रून म्हणजे सुकवलेलं आलुबुखार. म्हणून बघा, तोंडाचा चंबू होतो. मराठीत सरळ ‘चंबू’ म्हणा, तोच परिणाम, आयात खर्च शून्य. हसवायचं असेल तर ‘जिलबी’ किंवा ‘भजी’.

अमेरिकेतल्या शाळांच्या वार्षिक पुस्तकांतले १९०५ ते २०१३ या काळातले ३७ हजारांवर फोटो बर्कलीच्या संशोधकांनी संगणकाकडून तपासून घेतले. दशकागणिक ओठांचे कोपरे वर वर चढत गेलेले दिसले. म्हणजे माणसं जास्त सुखी झाली असं नाही. फोटोत हसायचं असतं, हे माणसं शिकली.

आणि ओठांवर जायचंच नाही. ड्यूशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८६२ साली चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचे झटके देऊन, त्याचे फोटो काढून, एक पुस्तकच छापलं. त्याचं म्हणणं : ओठ हुकमाने हसतात, डोळ्यांभोवतीचा स्नायू हुकमात नाही. म्हणून ‘स्माइल प्लीज’ म्हटल्यावर ओठ येतात आणि डोळे घरीच राहतात. माझा रूम-पार्टनर त्याचं चालतं बोलतं उदाहरण होता. त्याला हसवायचा एकच उपाय : सबमिशनची तारीख पुढे गेल्याची बातमी.

नाकाचा दोष नाही, हाताचा आहे

सेल्फीत नाक मोठं दिसतं म्हणून प्लास्टिक सर्जनकडे जाणारे वाढले, तेव्हा अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी २०१८ मध्ये गणित मांडलं. पाच फुटांवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत एक फुटावरून काढलेल्या फोटोत नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. कारण साधं. कॅमेरा एक फुटावर असला की नाक कानापेक्षा प्रमाणाने खूपच जवळ येतं, पाच फुटांवर तोच फरक किरकोळ होतो. चेहऱ्याचा आकार लेन्स बदलत नाही, अंतर बदलतं. लांब लेन्स फक्त तुम्हाला मागे जायला लावते, आणि श्रेय स्वतः घेते.

इथे विद्यार्थ्यांसाठी आनंदाची बातमी आहे. पोर्ट्रेटसाठी ८५ मिलिमीटरची लेन्स, असं सगळे सांगतात आणि तिची किंमत ऐकून पोटात गोळा येतो. पण आपल्यासारख्यांच्या स्वस्त बॉडीत सेन्सर लहान असतो. त्यावर सगळ्यांत स्वस्त, प्लास्टिकची ५० मिलिमीटर लेन्स लावली की दृश्याचा आवाका ७५ ते ८० मिलिमीटरच्या लेन्सइतका होतो. गरिबाच्या घरी लक्ष्मी अशी मागच्या दाराने येते. पोरं तिला लाडाने ‘फिफ्टी’ म्हणतात आणि उसनी मागतात. देऊ नका.

ती हातात आली की पहिला महिना सगळे एकच चूक करतात : लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं टाकून मागचं सगळं विरघळवायचं. माझ्याही तेव्हाच्या फोटोंत लोक ढगात तरंगताना दिसतात. मोठ्या सेन्सरवर ८५च्या लेन्सचं छिद्र एफ १.८ इतकं मोठं ठेवून दीड मीटरवरच्या माणसाचा फोटो काढला, तर सगळी मिळून जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटर खोली स्पष्ट येते. त्याने मान जरा वळवली की एक डोळा धारदार आणि दुसरा मोतीबिंदू झाल्यासारखा. म्हणून नियम : जवळच्या डोळ्यावर फोकस.

तीन डोळ्यांचं मॉडेल

प्रकाश शिकायला मॉडेल मिळेना, म्हणून मी शेंडी काढलेल्या नारळावर शिकलो. नारळ हलत नाही, कंटाळत नाही आणि शेवटी चटणी होते. अडचण एकच, त्याला तीन डोळे असतात आणि जवळचा कुठला यावर वाद होतो.

खिडकीशेजारी नारळ ठेवा. खिडकीपासूनचं अंतर दुप्पट केलं की प्रकाश निम्मा होईल असं वाटतं. खिडकीऐवजी बल्ब असता तर प्रकाश चौथाईवर आला असता. खिडकी बल्बपेक्षा खूप मोठी, म्हणून तिच्याजवळ घसरण इतकी कडक नसते, तरी दोन पावलांत चेहऱ्याचा नूर बदलतो. सावलीच्या बाजूला थर्माकोलचा तुकडा धरा, सावली उजळते. तो नसेल तर वर्तमानपत्र. खिडकीवर ड्रॉइंगचा ट्रेसिंग पेपर चिकटवला की कडक ऊन दुधासारखं मऊ होतं. आमच्या खोलीतल्या इंजिनिअरिंगवाल्याचा एक पूर्ण रोल असा कलेच्या कामी आला, आणि त्याला ते परीक्षेच्या आदल्या रात्री कळलं.

प्रकाश चेहऱ्याच्या एका बाजूने आणि जरा वरून आला की अंधाऱ्या गालावर, डोळ्याखाली उजेडाचा एक छोटा त्रिकोण पडतो. त्याला रेम्ब्रांट लायटिंग म्हणतात, सतराव्या शतकातल्या डच चित्रकारावरून. नारळाला नाक नसल्याने तो त्रिकोण तिथे दिसत नाही. तेवढ्यासाठी माणूस लागतो.

जुने चित्रकार आणि स्टुडिओवाले उत्तरेकडची खिडकी मागत, कारण तिथून थेट ऊन येत नाही. युरोपात भर दुपारी तरी हे बारा महिने खरं. आपल्याकडे नाही! मुंबई-पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्य चक्क डोक्याच्या उत्तरेला असतो. ज्या दिवशी तो बरोबर डोक्यावर येतो तो शून्य सावली दिवस. पुण्यात साधारण १३-१४ मे, मुंबईत १५-१६ मे. मुलं उत्साहाने काठ्या उभ्या करून बघतात. त्या दुपारी कोणाचं पोर्ट्रेट मात्र काढू नका. जमिनीवरून गायब झालेली सावली सगळी डोळ्यांच्या खोबणीत येऊन बसते. तोच सूर्य जुलैअखेर पुन्हा डोक्यावर येतो, पण तेव्हा बहुधा ढग आडवे येतात, आणि ढगाळ आभाळ म्हणजे क्षितिजापर्यंत पसरलेला, उजेड मऊ करणारा फुकटचा सॉफ्टबॉक्स. पावसाळ्यात पोर्ट्रेट शिकायला सुरुवात केलेला माणूस उगाच स्वतःला हुशार समजायला लागतो.

चॉकलेटने वाचवलं

कॅमेऱ्याच्या मीटरला चेहरा, भिंत, गणपती काही कळत नाही. साऱ्या जगाची सरासरी करडी आहे असं तो धरून चालतो. पांढऱ्या भिंतीसमोर सावळा माणूस उभा केला की भिंत करडी करण्याच्या नादात तो माणसाचा कोळसा करतो. दोष माणसाच्या रंगाचा नाही, मीटरच्या अकलेचा. एक्स्पोजर एक-दीड पायरी वाढवा, चेहरा परत येतो.

फिल्मच्या काळात हा दोष आणखी खोल होता. कोडॅककडून लॅबना रंग जुळवायला एक नमुना-फोटो जायचा, त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. त्यावर वर्षानुवर्षं गोरीच बाई. सगळं त्या कातडीला जुळवलेलं. सावळ्या-काळ्या माणसांच्या चेहऱ्यांचे बारकावे हरवत होते, तरी कंपनी हलली ती चॉकलेटवाले आणि लाकडी फर्निचरवाले ओरडायला लागल्यावर. डार्क चॉकलेट आणि मिल्क चॉकलेट यांतला फरकच जाहिरातीत दिसेना ना! माणसांच्या तक्रारीपेक्षा कपाटाच्या तक्रारीला वजन जास्त. यावर हसावं की काय करावं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

‘मी अशी दिसतच नाही’

हे वाक्य प्रत्येक विद्यार्थी रोज ऐकतो, आणि समोरची व्यक्ती खोटं बोलत नसते. आपण स्वतःला आरशात बघतो, म्हणजे उलटं. १९७७ मधल्या एका अमेरिकी प्रयोगात बायकांना स्वतःचा सुलटा आणि आरशातला असे दोन्ही फोटो दाखवले. त्यांना आरशातला जास्त आवडला, त्यांच्या जवळच्या माणसांना सुलटा. ज्याला जे रोज बघायची सवय त्याला ते बरं वाटतं. आता कोणी कुरकुरलं की मी फोटो आडवा पलटून दाखवतो. दहात सात वेळा ‘हां, हा चांगलाय’ असं येतं. शर्टाचा खिसा भलत्या बाजूला गेलाय हे कोणी बघत नाही. (सात हा आकडा माझ्या वहीतला, कोणी छापू नये.)

गालांचंही राजकारण आहे. १९७३ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत पश्चिम युरोपातल्या १,४७४ चित्रित पोर्ट्रेटांची मोजदाद आली. सुमारे ६० टक्क्यांत डावा गाल पुढे.

डोळे मिटणाऱ्यांचं गणित

ग्रुप फोटोत एक काका डोळे मिटतातच. ऑस्ट्रेलियातल्या पिअर्स बार्न्स आणि निक स्वेन्सन यांनी यावर सूत्र काढलं आणि गमतीदार संशोधनाला मिळणारं इग नोबेल २००६ मध्ये गणितासाठी पटकावलं. माणसं विसाच्या आत असतील तर उजेडात माणसांच्या संख्येला तीनने भागा, अंधूक उजेडात दोनने. तेवढे फोटो काढा, एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे मिळतील. म्हणजे बारा जणांना अंगणात चार फोटो, कार्यालयाच्या हॉलमध्ये सहा. माणसं पन्नासच्या घरात गेली तर आशा सोडा. आपल्याकडच्या लग्नात स्टेजवर ‘सगळी मुलाकडची या’ म्हटल्यावर किती येतात, हे त्या दोघांना माहीत नसावं.

शिकाऊ उमेदवार

होमाई व्यारावाला मुंबईत जे. जे.ला शिकत होत्या. फोटोग्राफी मित्राकडून, म्हणजे पुढे नवरा झालेल्या माणेकशांकडून शिकल्या. जे. जे.तल्या मैत्रिणीच त्यांच्या मॉडेल. बायकांच्या एका सहलीचे त्यांचे फोटो ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने छापले, प्रत्येकी एक रुपया देऊन. सुरुवातीचे काही फोटो तर नवऱ्याच्याच नावाने छापून आले. त्याच पुढे देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार ठरल्या, आणि २०११ मध्ये पद्मविभूषण.

दयानिता सिंग अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत शिकत असतानाची गोष्ट. असाइनमेंटसाठी तबलावादक झाकीर हुसेन यांच्या मैफलीत फोटो काढायला गेल्या, संयोजकांनी अडवलं, धक्काबुक्कीत त्या पडल्या. उठून त्यांनी उस्तादांनाच सुनावलं की आज मी विद्यार्थिनी आहे, उद्या मोठी फोटोग्राफर होईन, तेव्हा बघू. झाकीरभाईंनी त्यांना फोटो काढायला बोलावलं. मग त्या कित्येक हिवाळे त्यांच्याबरोबर फिरल्या आणि १९८६ मध्ये त्यावर पहिलं पुस्तक आलं. असाइनमेंट वेळेत दिली की नाही, हे मात्र कुठे वाचलं नाही.

‘कोणी पासपोर्ट फोटोशिवाय काही काढायला देत नाही’ असं रडणाऱ्यांसाठी रिचर्ड अॅव्हेडन. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी व्यापारी नौदलात त्याला काम मिळालं ते खलाशांचे ओळखपत्राचे फोटो काढायचं. एक माणूस, साधी भिंत, पुढचा. लाखभर चेहरे काढले असतील, असं तो नंतर म्हणायचा. पुढे तो जगभर गाजला तो कशाने? पांढऱ्या कागदासमोर उभ्या केलेल्या माणसांच्या फोटोंनी.

उशीर झालाय असं वाटणाऱ्यांसाठी ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन. जन्म कोलकात्याचा, १८१५चा. पहिला कॅमेरा लेकीने भेट दिला, वयाच्या ४८व्या वर्षी. धूसर फोटो काढते म्हणून तेव्हाच्या जाणकारांनी नाकं मुरडली. ते जाणकार कोण, आज कोणाला आठवत नाही.

सिगार ओढून घेणारा

या सगळ्यांत माझा आवडता किस्सा ३० डिसेंबर १९४१चा. कॅनडाच्या संसदेत चर्चिलचं भाषण झालं आणि शेजारच्या दालनात युसुफ कार्श हा तिशीतला फोटोग्राफर दिवे लावून बसला होता. आर्मेनियन, कोवळ्या वयात देश सोडून आलेला, काकांच्या... नाही, मामांच्या स्टुडिओत हात काळे केलेला, मग बॉस्टनला उमेदवारी केलेला. चर्चिलना फोटोचं कोणी आधी सांगितलंच नव्हतं. ते गुरगुरले, नवी सिगार पेटवली आणि एका फोटोची परवानगी दिली. कार्शने अॅशट्रे पुढे केला. सिगार हलेना. तो कॅमेऱ्याकडे गेला, सगळं जागेवर आहे का बघितलं, परत आला, अदबीने माफी मागितली आणि पंतप्रधानांच्या तोंडातली सिगार उपटली. परत कॅमेऱ्याशी पोचेपर्यंत चर्चिलच्या चेहऱ्यावर जे उमटलं तेच ते जगप्रसिद्ध चित्र. लोकांना त्यात हिटलरला ललकारणारा सिंह दिसतो. प्रत्यक्षात तो सिगार गेल्याचा राग आहे.

पुढे ते चित्र ब्रिटनच्या पाच पौंडांच्या नोटेवर गेलं. कार्शने ओटावातल्या ज्या हॉटेलला त्याची सही केलेली प्रत दिली होती, तिथून ती कोणीतरी लांबवली आणि जागी नक्कल टांगली. २०२२च्या ऑगस्टपर्यंत कोणाच्या लक्षातही आलं नाही. शेवटी २०२४ मध्ये ती इटलीत सापडली.

मी कोणाची सिगार ओढलेली नाही. एकदा मेसच्या काकूंच्या हातातलं लाटणं मागून बघितलं होतं.

चादर, कोपरा आणि फ्रीज

मालीत बामाकोच्या सेदू केईताने १९४८च्या सुमारास स्टुडिओ काढला तेव्हा पडदा म्हणून स्वतःच्या पलंगावरची चादर टांगली. निगेटिव्ह महाग, म्हणून एका गिऱ्हाइकाला एकच फोटो. पण गिऱ्हाइकासाठी घड्याळ, रेडिओ, व्हेस्पा हजर. हवं ते हातात धरा, हवं त्यावर बसा. त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये अर्व्हिंग पेन दोन फळ्या चिंचोळ्या कोनात उभ्या करून बड्या बड्या लोकांना त्या कोपऱ्यात कोंबत होता. चादर आणि कोपरा, दोन्ही हॉस्टेलवर उपलब्ध. कारण सांगायला जागा नाही.

मेसच्या काकूंचं स्वयंपाकघर तर या दोघांच्या वरताण. एक उंच खिडकी, डावीकडून येणारा सकाळचा उजेड, तव्यावरची वाफ, मनगटापर्यंत पीठ. मी तीन रविवार मागे लागलो. चौथ्या रविवारी त्या ‘हो’ म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. बाहेर आल्या त्या इस्त्रीची साडी, पावडर, हात स्वच्छ धुतलेले. ‘हं, काढ.’ नव्या फ्रीजला खेटून उभ्या राहिल्या, हात सरळ, मान सरळ, श्वास रोखलेला. काढला. काढून झाल्यावर कॅमेरा खाली घेतला तसा त्यांनी श्वास सोडला. तेवढ्यात तव्यावरची पोळी करपल्याचा वास आला. त्या वळल्या, पदर खोचला, पोळी हातानेच उचलून फेकली आणि खिडकीकडे बघत स्वतःशीच हसल्या. मी दाबलं. डावा गाल पुढे, त्यावरच तो उजेडाचा त्रिकोण, डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या, सगळं काही.

दोन्ही प्रिंट मारून नेल्या. त्यांनी दुसरी उलटीसुलटी करून पाहिली आणि बाजूला ठेवली. ‘काय रे हे, पोळी करपलेली दिसतीये.’ मग पहिली हातात घेतली, चष्मा लावला, बराच वेळ बघितली आणि म्हणाल्या, ‘फ्रीज किती छान आलाय.’

ती प्रिंट अजून त्या फ्रीजवरच चिकटवलेली आहे. त्या रविवारी माझ्या ताटात दोन गुलाबजाम जास्तीचे पडले. होमाईंना फोटोमागे एक रुपया मिळायचा. तेव्हाच्या भावाने हिशेब केला तर माझं नुकसानच आहे, पण गुलाबजाम गरम होते.